एचडी चॅनल लावलं की स्क्रीन काळी: बॉक्स बदलायचा, टीव्ही बदलायचा की आणखी काही?

पारोळ्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. हॉलमध्ये नवा ४३ इंची फोर-के टीव्ही आला, जुना ३२ इंची वरच्या मजल्यावर आईवडिलांच्या खोलीत गेला. डिशचं कनेक्शन एकच, म्हणून बाजारातून एचडीएमआय स्प्लिटर आणून एकाच बॉक्सवर दोन्ही टीव्ही जोडले. तेव्हापासून साधी चॅनल नीट दिसतात, पण एचडी चॅनल लावलं की काळ्या स्क्रीनवर एचडीसीपीचा मेसेज. कधी थोडा वेळ चित्र चालतं, मग दोन-तीन सेकंद अंधार, परत चित्र. संध्याकाळी लाइट जाऊन आली की हमखास बंद. डिशवाला म्हणतो टीव्हीत दोष आहे, टीव्हीचा दुकानदार म्हणतो बॉक्स बदला. जुन्या टीव्हीचा बोर्ड मागच्या दिवाळीत मेकॅनिककडून बदलून घेतला होता, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय. नेमकं काय बदलू, असं ते विचारतात. शिवाय बॉक्सवरून पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेली मॅच टीव्हीत का चालत नाही, हेही.

भाऊ, आत्ता काहीच बदलू नका. तुम्ही जाता जाता लिहिलेलं बोर्डाचं वाक्य या सगळ्यात सर्वांत कामाचं आहे, त्याच्याकडे येतोच. डिशवाला आणि दुकानदार दोघेही खोटं बोलत नसतील. दोघांनी आपापलं यंत्र आपल्याकडच्याच दुसऱ्या टीव्ही-बॉक्सशी लावून पाहिलं आणि ते चाललं. हा बिघाड एकट्या बॉक्समध्ये किंवा एकट्या टीव्हीत बऱ्याचदा सापडतच नाही, तो दोघांच्या मधे असतो.

एचडीसीपी म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून जाणारं चित्र कुणी मधेच कॉपी करू नये म्हणून लावलेलं कुलूप. इंटेलने ते तयार केलं, पहिली आवृत्ती २००० सालची. फोर-केसाठी जी २.२ आवृत्ती लागते ती २०१३ मध्ये आली. बॉक्स चित्र कुलूपबंद करून पाठवतो, टीव्ही ते उघडतो. त्याआधी बॉक्स टीव्हीला ओळख विचारतो. जुन्या १.४ पर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक टीव्हीच्या आत ५६ बिटांच्या ४० किल्ल्या असतात आणि ओळख म्हणून तो ४० बिटांचा एक नंबर पाठवतो. त्या नंबरात बरोबर २० एक आणि २० शून्य असलेच पाहिजेत. वाटेत एक बिट जरी बिघडला तरी हिशोब जुळत नाही आणि बॉक्स तिथेच नकार देतो. म्हणजे टीव्ही अस्सल असला, तरी वायरीतल्या थोड्याशा गडबडीने तो नापास होऊ शकतो.

एकदा पास झालं की संपलं असंही नाही. एसटीत मधल्या स्टॉपवर चढणाऱ्या तिकीट तपासनिसासारखा बॉक्स चालू चित्रात पुन्हा पुन्हा तपासणी करतो. दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या चित्रात साधारण अडीच सेकंदांनी, दोन्हीकडचा आकडा जुळतो का ते पाहिलं जातं. जुळला नाही तर पहिल्यापासून ओळखपरेड. तुम्हाला मधेच जो दोन-तीन सेकंदांचा अंधार दिसतो, तो बहुतेक हाच.

ही सगळी बोलणी चित्राच्या वायरींवरून होत नाहीत. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी पहिल्या १२ चित्र-आवाजाच्या. ओळख, किल्ली, टीव्हीचं रिझोल्यूशन ही सगळी विचारपूस १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून चालते. १८ वर बॉक्सकडून ५ व्होल्ट जातात आणि १९ वरून टीव्ही ‘मी जोडलेला आहे’ असं कळवतो. त्यामुळे चित्राच्या वायरी ठणठणीत आणि १५-१६ मेलेल्या, असा टीव्ही सर्रास सापडतो. अशा टीव्हीवर काही बॉक्सचा मेनू सुंदर दिसतो, कारण मेनूला कुलूप नसतं. चॅनल लावलं की अंधार. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘पोर्ट चांगला आहे, मेनू दिसतो ना!’ मेनू दिसणं हा पोर्ट चांगला असल्याचा पुरावा धरू नका.

साधी चॅनल दिसतात आणि एचडी दिसत नाहीत याचंही कारण तेच. कोणत्या चॅनलला कुलूप लावायचं हे बऱ्याच बॉक्समध्ये कंपनीकडून वरून ठरतं, आणि एचडीला ते हटकून लागतं.

हात लावण्याआधी स्क्रीनकडे नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. पूर्ण स्क्रीनभर रंगीत मुंग्या आणि मागे आवाज किंवा खरखर, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकमेकांपासून सुटली, हे एचडीसीपीचं लक्षण. चित्र दिसतंय पण त्यावर इकडेतिकडे पांढरे ठिपके किंवा बारीक रेघा चमकतात, तर चित्राच्या वायरीत दोष: केबल हलकी, लांब किंवा सॉकेट ढिलं. ‘नो सिग्नल’ आलं तर १८-१९ नंबरची पिन, बंद बॉक्स किंवा चुकीचं इनपुट बघा. आणि चित्राचे चौकोन चौकोन पडून ते अडकतंय, तर एचडीएमआयचा काही संबंध नाही. ती डिशकडची गोष्ट: पाऊस, हललेली छत्री, गंजलेला कनेक्टर. चौकोन पडतात म्हणून नवी एचडीएमआय केबल घेतलेली माणसं दर पावसाळ्यात भेटतात.

आता तुमच्या घरचं. स्प्लिटर काढून बाजूला ठेवा. बॉक्स आणि नवा टीव्ही दोघांचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं रिमोटने बंद करू नका. मीटर-दीड मीटरची एकच केबल सरळ बॉक्समधून टीव्हीत लावा. आधी टीव्ही चालू करा, त्यावर योग्य इनपुट निवडा, मग बॉक्स. एचडी चॅनल लावून अर्धा तास बघा. मग हाच बॉक्स आणि हीच केबल वर नेऊन जुन्या टीव्हीला लावा. खोली बदलली तरी बॉक्स आणि केबल तीच ठेवा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. वरच्या खोलीत डिशची वायर नसेल तर जुना टीव्हीच खाली आणा. छत्रीपर्यंत जायची गरज नाही.

माझा अंदाज सांगतो: नवा टीव्ही सरळ जोडल्यावर बिनतक्रार चालेल, जुना चालणार नाही.

तसं झालं तर त्या दिवाळीतल्या बोर्डाकडे वळा. ३२ इंचीचा मूळ बोर्ड मिळत नाही किंवा महाग पडतो, म्हणून आपल्याकडे सर्रास युनिव्हर्सल, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या टीव्हीत बसणारा, बोर्ड लावतात. पॅनल चालतं, रिमोट चालतो, यूएसबीवर गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश. पण एचडीसीपीची किल्ली हा बोर्डाच्या मेमरीत लिहिलेला वेगळा डेटा असतो. काही स्वस्त बोर्डांत तो येतच नाही, काहींत सॉफ्टवेअर नव्याने मारताना पुसला जातो. अशा टीव्हीला कॉम्प्युटर जोडला तर डेस्कटॉप दिसतो, साधा डीव्हीडी प्लेअरही कधी चालून जातो, एचडी बॉक्स मात्र दाद देत नाही. बऱ्याच बोर्डांच्या फॅक्टरी मेनूत, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या लपलेल्या मेनूत, एचडीसीपी की अशी ओळ असते आणि तिच्यासमोर ‘ओके’ किंवा ‘एनजी’ (नॉट गुड) दिसतं. मेकॅनिकला तेवढी ओळ तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. बाकी काही सेटिंगला तिथे हात लावू नका, पॅनलचं सेटिंग हललं तर चित्र उलटं होईल किंवा जाईलच.

किल्ली नसेल तर मेकॅनिकने किल्लीसकट असलेला बोर्ड बदलून द्यावा. दुसऱ्या टीव्हीच्या मेमरीची कॉपी मारून देणं हा प्रकार मला पटत नाही. ते चालतं कधीकधी, पण ती किल्ली त्या दुसऱ्या टीव्हीची. गैरवापर झालेल्या किल्ल्यांची यादी या पद्धतीत कार्यक्रमाबरोबरच बॉक्सपर्यंत येऊ शकते, आणि यादीत ती किल्ली आली की टीव्ही पुन्हा नापास. पैसे मोजून घेतलेल्या बोर्डाला स्वतःची किल्ली असलीच पाहिजे.

बोर्ड मूळचाच असता तर मी सॉकेट तपासलं असतं. रावेरकडून वीज पडल्यानंतर आलेले टीव्ही असेच असतात: बाकी सगळं चालू, एक एचडीएमआय पोर्ट मुका. मल्टीमीटर डायोडवर ठेवून, टीव्ही पूर्ण बंद आणि प्लग काढलेला असताना, पोर्ट एकच्या १५ आणि १६ पिनेचं ग्राउंडशी रीडिंग घ्यायचं आणि तेच पोर्ट दोनवर घ्यायचं. आकडे जवळपास सारखे हवेत. एकीकडे नीट आकडा आणि दुसरीकडे शून्यावर बीप, म्हणजे सॉकेटजवळचा तांदळाच्या कणीएवढा प्रोटेक्शन डायोड शॉर्ट आहे. नशीब असेल तर तेवढ्यावरच भागतं. तो काढूनही रीडिंग येत नसेल तर मुख्य आयसीलाच मार लागलाय. तेव्हा दुसरा पोर्ट वापरायचा आणि गप्प बसायचं. हे काम घरी करू नका. पिना इतक्या जवळ असतात की प्रोब घसरला तर चांगला पोर्टही जातो.

दोन्ही टीव्ही सरळ जोडल्यावर नीट चालले तर दोषी स्प्लिटर किंवा वर जाणारी लांब केबल. स्प्लिटर म्हणजे साधा टी-जॉइंट नव्हे. नियमाप्रमाणे त्याने मागच्या सगळ्या टीव्हींची ओळख गोळा करून पाच सेकंदांच्या आत बॉक्सला द्यायची असते. मागचा एक टीव्ही नापास झाला की बऱ्याचदा दोन्हीकडे अंधार. म्हणून तुमच्या नव्याकोऱ्या टीव्हीवरही मेसेज येतोय: वरच्या खोलीतल्या किल्ली नसलेल्या बोर्डाची शिक्षा खालचा भोगतोय, अशी मला दाट शंका आहे. लगेच पडताळता येईल. स्प्लिटर परत जोडा आणि वर जाणारी केबल फक्त स्प्लिटरमधून उपटा. खालचं चित्र स्थिर झालं तर शंका खरी.

बाजारात एचडीसीपीचं कुलूपच काढून टाकणारे स्प्लिटर मिळतात, दुकानदार कानात सांगतोही. मी ते बसवत नाही आणि सुचवतही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या इराद्याने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद त्यात आहे. आणि खरं सांगायचं तर घरात तो उपाय गैरसोयीचाच. एकाच बॉक्सवर दोन टीव्ही म्हणजे खाली सून मालिका बघते तेव्हा वर अप्पांनाही तीच मालिका. त्याच कनेक्शनवर दुसरा बॉक्स घ्या. वडील त्यांच्या बातम्या बघतील, तुम्ही तुमचं. महिन्याला थोडे पैसे जातील, पण वरच्या मजल्यापर्यंत नेलेली लांब केबलही सुटेल.

त्या लांब केबलबद्दल. तुम्ही लांबी लिहिलेली नाही, पण हॉलमधून वर म्हणजे पाइपातून वळसे घेत दहा-पंधरा मीटर सहज होते. एवढ्या लांबीत १५-१६ वरचा सिग्नल बोथट होतो. चित्र कसंबसं पोहोचतं, बोलणी फिसकटतात. ‘एचडीसीपीवाली केबल’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका, कुलूप-किल्ली केबलमध्ये नसतेच. केबल बरी आणि तोकडी एवढंच बघा. लांब न्यायचीच असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या आणि तिच्यावर कोणतं टोक बॉक्सकडे, कोणतं टीव्हीकडे ते लिहिलेलं असतं तसंच लावा. उलटी लावली तर काहीच येत नाही. स्लॅबमधल्या पाइपात ओढण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

आता समजा, उलट झालं: नवा टीव्हीच सरळ जोडूनही चालत नाही. तर पोर्ट बदला. फोर-के टीव्ही नवे नवे आले तेव्हा काहींत एचडीसीपी २.२ चा आधार एका-दोन पोर्टांनाच होता. शिवाय प्रत्येक पोर्टला स्टँडर्ड आणि एन्हान्स्ड, किंवा एचडीएमआय १.४ आणि २.०, असं सेटिंग असतं. जुना एचडी बॉक्स एन्हान्स्डवर लावला तर तो कधी गोंधळतो, त्याला स्टँडर्ड द्या. बॉक्सच्या मेनूत रिझोल्यूशन ऑटोवर न ठेवता १०८०आय किंवा ७२०पी ठरवून द्या. मधे साउंडबार असेल तर तो वाटेतून काढा: बॉक्स थेट टीव्हीत, आणि आवाज टीव्हीच्या एआरसी (आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय) पोर्टमधून साउंडबारला. जुने साउंडबार एचडीसीपी १.४ वर अडकलेले असतात, पुढे-मागे फायबरचा फोर-के बॉक्स आणाल तेव्हा हीच अडचण येईल.

दोन्ही टीव्हींवर नाहीच चाललं, तर दुसऱ्या केबलने एकदा खात्री करून मग बॉक्सवर बोट ठेवा. बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही लीडवर लावून बघा. त्या वाटेवर एचडीसीपी नसतंच. तिथे चॅनल दिसलं तर डिश, कार्ड, रिचार्ज सगळं ठीक, फक्त एचडीएमआयचा भाग गेलाय. लीड त्याच बॉक्सबरोबरची वापरा, एका पिनेच्या एव्ही लीडमध्ये चित्र-आवाजाचा क्रम कंपनीगणिक बदलतो. कस्टमर केअरला फोन करताना एवढंच सांगा: दोन टीव्ही, दोन केबल, सरळ जोडणी, एव्हीवर चालतो, एचडीएमआयवर नाही. मग ‘सर, बॉक्स रीस्टार्ट करा’ची आरती लवकर आटोपते.

लाइट गेल्यानंतरचा बिघाड मात्र वेगळा, आणि तो खानदेशात घरोघरी आहे. वीज आली की बॉक्स आपोआप उठतो आणि लगेच समोरच्याला ओळख विचारतो. टीव्ही तेव्हा स्टँडबायमध्ये किंवा अर्धवट जागा. उत्तर येत नाही, आणि काही बॉक्स परत विचारायची तसदी घेत नाहीत. स्प्लिटर मधे असला तर तिघांची शर्यत. उपाय फुकटचा आहे: बॉक्सला वेगळं बटण ठेवा, लाइट आल्यावर टीव्ही पूर्ण सुरू होऊ द्या, मग बॉक्सचं बटण दाबा. टीव्हीतलं क्विक स्टार्ट, म्हणजे पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याचं सेटिंग, बंद करा. टीव्हीच्या रिमोटने बॉक्स चालवणारं सीईसी एकदा बंद करून फरक पडतो का बघा. हे करून तक्रार थांबली तर त्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही.

उन्हाचंही बघा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो आणि आपण बॉक्स ठेवतो बंद शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर गणपती. सकाळी नीट, दुपारी तासाभराने अंधार, असा क्रम असेल तर बॉक्स मोकळ्यावर काढा आणि टेबल फॅन लावून बघा. फॅनवर चालला तर मेसेज काहीही येवो, दुखणं उष्णतेचं आहे.

अर्थिंगचं थोडक्यात सांगतो, पण पोर्ट जळण्याचं मोठं कारण तेच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन पिनांच्या प्लगला तर अर्थिंग मिळतच नाही, म्हणून त्यावर चालणाऱ्या बॉक्स-टीव्हीच्या धातूला हात लावला की चुणचुण लागते. त्या अवस्थेत चालू एचडीएमआय केबल काढली-घातली की ठिणगी त्या बारीक पिनांवर बसते. खड्ड्यात पाणी टाकत जा, आणि केबल लावताना दोन्ही प्लग भिंतीतून काढलेलेच ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच डिशची वायरसुद्धा बॉक्समधून काढा, वीज तिथूनही आत शिरते.

राहिली पेनड्राइव्हची मॅच. ते एचडीसीपी नव्हे, बॉक्सचं स्वतःचं कुलूप आहे. बॉक्स रेकॉर्डिंग करताना फाइल आपल्याच किल्लीने बंद करून लिहितो. म्हणून ती टीव्हीच्या यूएसबीत किंवा कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि बॉक्स बदलून आला तर जुनी रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवरही उघडत नाहीत. तेव्हा तपासणीत बॉक्सच दोषी निघाला आणि कंपनी तो बदलून देणार असेल, तर पेनड्राइव्हवरच्या ज्या मॅच बघायच्या असतील त्या बॉक्स परत देण्याआधी एव्ही लीड लावून बघून घ्या.